पाहुण्यांना डब्लिन दाखवताय? मग हा पूलही दाखवा

मे महिना उजाडला की आयर्लंडमधल्या मराठी घरांत एक ठरलेली लगबग सुरू होते. कुणाचे आई-बाबा येणार असतात, कुणाचे सासू-सासरे. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला बॅगेतून बाहेर निघतो, दोन दिवस झोपेचं गणित जुळवण्यात जातात आणि मग पहिल्या शनिवारी डब्लिन दर्शन. ही यादीही ठरलेली असते. ओ'कॉनेल स्ट्रीटवरचा उंच सुळका, म्हणजे स्पायर. टेंपल बारची गल्ली. मॉली मलोनचा पुतळा. ट्रिनिटी कॉलेजातलं बुक ऑफ केल्स. सेंट स्टीफन्स ग्रीनमधला रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा, कारण तिथे आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. दुपारी फिनिक्स पार्कातली हरणं. पुढच्या शनिवारी मोहेरचे कडे. झालं आयर्लंड!

या यादीत वाईट काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती अपुरी आहे, आणि त्यातून जे सुटतं ते नेमकं आपल्याशी सर्वांत जवळचं नातं असलेलं डब्लिन आहे. ते चौकात दिसत नाही. ते कालव्यावरच्या एका जुन्या पुलाखाली, बागेतल्या एका सरकारी बंगल्यात, आणि शहराबाहेरच्या एका टेकडीवर आहे. विज्ञानाचा ब्लॉग वाचणाऱ्या तुमच्यासारख्यांनी तरी ते पाहावं आणि येणाऱ्या पाहुण्यांना, त्याहूनही इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना दाखवावं, असं मला ठामपणे वाटतं.

आधी चौकांबद्दल बोलू. चौकात कुणाचा पुतळा उभा राहणार हे त्या माणसाच्या कर्तृत्वापेक्षा त्या वेळी सत्ता कुणाकडे आहे यावर ठरतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. डब्लिनमध्ये आज जिथे स्पायर आहे तिथे १८०९ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा स्तंभ उभा राहिला. ८ मार्च १९६६ च्या पहाटे तो बॉम्बने उडवला गेला. त्यानंतर तब्बल साडेतीन दशकं शहराला त्या जागी काय उभारावं हे ठरवता आलं नाही. शेवटी २००३ मध्ये १२० मीटर उंचीचा स्टेनलेस स्टीलचा सुळका उभा राहिला, ज्यावर ना कुणाचं नाव, ना कुणाचा चेहरा. लेन्स्टर हाउससमोर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. तो १९४८ मध्ये हलवला आणि १९८७ मध्ये थेट ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला गेला. म्हणजे चौक हा शहराचा चालू वाद असतो. त्या वादात सेनापती असतात, पुढारी असतात, आणि डब्लिनचं वैशिष्ट्य म्हणजे लेखकही असतात. शास्त्रज्ञ मात्र त्यात फारसे नसतात. त्यांच्या वाट्याला भिंतीवरची एखादी पाटी येते, तीही डोळे उघडे ठेवून चाललं तरच दिसते.

आता फिनिक्स पार्कात चला, म्हणजे माझा मुद्दा डोळ्यांनी दिसेल. हरणं शोधता शोधता आपण ज्या निमुळत्या दगडी स्तंभाखाली सतरंजी पसरून डबे उघडतो, तो सुमारे ६२ मीटर उंचीचा स्तंभ वेलिंग्टनचा आहे. हाच तो डब्लिनमध्ये जन्मलेला आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. स्तंभाच्या तळाशी ब्राँझची चित्रं आहेत. त्यांतलं एक भारतातल्या लढायांचं आहे, आणि ती वॉटर्लूला हाती लागलेल्या तोफा वितळवून ओतलेली आहेत. आपल्यापैकी किती जणांनी पुऱ्या-बटाट्याची भाजी खाऊन झाल्यावर उठून ते चित्र पाहिलं आहे?

पण त्याच बागेत आणखी एक वास्तू आहे, जिच्याकडे कुणीच पाहत नाही. तिचं नाव माउंटजॉय हाउस. आयर्लंडचं नकाशे बनवणारं सरकारी खातं १८२० च्या दशकापासून तिथे आहे. १८२४ मध्ये सुरू झालेल्या त्या कामातून १८४६ पर्यंत संपूर्ण देशाचा, एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचा नकाशा तयार झाला. एवढ्या बारकाईचा नकाशा करायचा तर पहिली रेघ अचूक मोजावी लागते. त्या एका पायारेषेवर पुढचे सगळे त्रिकोण रचायचे असतात, आणि तिथे एका वावाची चूक झाली की ती देशभर पसरते. अडचण अशी की मोजपट्टी धातूची, आणि धातू उन्हात वाढतो, थंडीत आकसतो.

या मोजणीचे प्रमुख थॉमस कॉल्बी यांनी त्यावर काढलेली युक्ती मुलांना सांगण्यासारखी आहे. एक लोखंडी आणि एक पितळी, अशा दहा फुटी दोन पट्ट्या शेजारी ठेवून मधोमध जोडायच्या. तापमान वाढलं की लोखंडापेक्षा पितळ दीडपटीहून जास्त लांबतं. दोन्हींच्या टोकांना एक आडवी जीभ खिळवली, की पितळ जास्त पुढे सरकल्यामुळे ती जीभ तिरपी होते. त्या जिभेवर, लोखंडाच्या बाजूला थोडं बाहेर, एक बिंदू असा सापडतो की पट्ट्या कितीही वाढल्या तरी तो जागचा हलत नाही. दोन टोकांच्या अशा दोन बिंदूंमधलं अंतर कायम दहा फूट! या पट्ट्यांनी १८२७-२८ मध्ये उत्तरेकडच्या लॉख फॉइल खाडीकाठी साडेबारा किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची पायारेषा मोजली गेली.

आणि आता आपला संबंध. त्या वेळी रजेवर आलेले भारतातल्या मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी अशाच पट्ट्या बनवून घेतल्या आणि १८३० मध्ये भारतात नेल्या. कलकत्ता, डेहराडून, सिरोंज आणि १८४१ मध्ये आपल्या सीमेवरचं बीदर, इथल्या पायारेषा त्यांनी मोजल्या गेल्या. त्याच त्रिकोणांच्या जाळ्यातून पुढे हिमालयातली शिखरं मोजली गेली, ज्या गणितात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता, आणि सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. म्हणजे फिनिक्स पार्कात आपल्या इतिहासाच्या दोन खुणा आहेत, तोफेची आणि मोजपट्टीची. पहिली ६२ मीटर उंच आहे, आणि दुसरीची ओळख सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

यावर कुणी म्हणेल, की नकाशाही साम्राज्याचाच होता. अगदी बरोबर. आयर्लंडची मोजणी जमिनीवरचा कर ठरवण्यासाठीच सुरू झाली, आणि भारतातली मोजणी राज्य आवळण्यासाठी. विज्ञानाच्या खुणा धुतल्या तांदळासारख्या असतात असं मी म्हणतच नाही. त्या पाहताना कुतूहल आणि सत्ता हातात हात घालून कशी चालतात हे समजतं, आणि म्हणूनच त्या पाहाव्यात. पुतळा फक्त सत्ता दाखवतो.

दुसरं ठिकाण ट्रिनिटी कॉलेज. बुक ऑफ केल्ससाठी आपण तिकीट काढतोच. तिथेच १८३७-३८ मध्ये हम्फ्री लॉइड या प्राध्यापकाने पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी एक चिमुकली वेधशाळा बांधून घेतली. बाहेरून ग्रीक देवळासारखी दिसणारी, आणि लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेली, कारण जवळ लोखंड असलं की चुंबकसूची खोटं बोलते. होकायंत्राची दिशा दिवसभरात थोडीथोडी का डोलते हे शोधायचं तर जगभर एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंदी घ्यायला हव्या होत्या. अशा वेधशाळांची साखळी उभारण्यात लॉइड आघाडीवर होते, आणि ती चालवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना उपकरणं कशी हाताळायची याचे धडे डब्लिनमध्येच मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीही या मोहिमेत उतरली. मुंबईत कुलाब्याला १८४१ मध्ये चुंबकीय नोंदी सुरू झाल्या.

कुलाब्याच्या त्या नोंदींचं मोल आज साऱ्या जगाला आहे. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरून आलेलं वादळ हे नोंदलेल्या सौरवादळांतलं सर्वांत प्रसिद्ध वादळ. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणाने क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली. तसं वादळ आज आलं तर विजेच्या जाळ्याचं आणि उपग्रहांचं काय होईल याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ मुंबईच्या त्या नोंदीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहामुळे सूची बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला गेली. ती आजही तिथे काम करते. ट्रिनिटीतली वेधशाळा १९७० च्या दशकात दगड-दगड सुटा करून बेलफील्डला, म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या आवारात नेली गेली. तुमची मुलगी किंवा पुतण्या तिथे एमएस करत असेल, तर त्याच्या रोजच्या वाटेवर अलिबागची मोठी बहीण उभी आहे. त्याला ते ठाऊक आहे का?

तिसरी गोष्ट वेळेची. शहराच्या वायव्येला डन्सिंक टेकडीवर १७८५ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा आहे. १९१६ पर्यंत आयर्लंडची घड्याळं डन्सिंकच्या सूर्यावर चालत. डन्सिंक ग्रिनिचच्या पश्चिमेला सहा अंशांहून थोडं अधिक आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. म्हणून डब्लिनची वेळ लंडनच्या २५ मिनिटं २१ सेकंद मागे. १९१६ च्या ईस्टरमधल्या उठावानंतर काही महिन्यांतच, १ ऑक्टोबरला, लंडनच्या संसदेने ही वेगळी वेळ बंद केली. वेळेसारखी निव्वळ खगोलशास्त्रीय वाटणारी गोष्टही किती राजकीय असते! आणि घरातल्या आजोबांना विचारा. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. कदाचित त्यांना लहानपणी ऐकलेला ‘बाँबे टाइम’ आठवेल. डब्लिन दर्शनात आजोबांनी नातवाला काही सांगायची अशी संधी टेंपल बारमध्ये मिळत नाही.

आता तो पूल. ओ'कॉनेल स्ट्रीटवरून लुआसच्या हिरव्या मार्गाने शेवटच्या थांब्यापर्यंत जा. वीसेक मिनिटांत ब्रूमब्रिज येतं. थांब्याला लागूनच रॉयल कालव्यावर दगडी कमानीचा एक साधा पूल आहे. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डन्सिंकहून रॉयल आयरिश अकादमीच्या बैठकीसाठी विल्यम रोवन हॅमिल्टन पत्नीसह या काठाने चालले होते. वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. सपाट कागदावरचं वळण दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी मांडता येतं, तर अवकाशातलं वळण तीन-तीन आकड्यांनी का मांडता येत नाही? या त्रिकुटांची बेरीज जमे, गुणाकार काही केल्या जमेना. त्या महिन्यात मुलंही सकाळी न्याहारीला विचारत, की बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? आणि बाबा मान हलवून नाही म्हणत. पुलाजवळ त्यांना उमगलं की तीन नव्हे, चार आकडे हवेत, आणि गुणाकाराचा एक लाडका नियम सोडावा लागेल. त्यांनी खिशातला चाकू काढून पुलाच्या दगडावर सूत्र कोरलं. तीन नवी एककं. प्रत्येकाचा वर्ग उणे एक, आणि तिघांचा ओळीने केलेला गुणाकारही उणे एक. या चार आकड्यांच्या संख्येला क्वाटर्नियन म्हणतात.

सोडावा लागलेला नियम म्हणजे ‘क्रम बदलला तरी गुणाकार तोच’. हे मुलांना दाखवायला पुलाजवळच्या बाकावर एक पुस्तक पुरेसं आहे. पुस्तक मुखपृष्ठ वर करून आडवं ठेवा. पहिली क्रिया: घड्याळाच्या दिशेने पाव वळण. दुसरी क्रिया: तुमच्या जवळची कड उचलून पुस्तक पलीकडच्या कडेवर उभं करणं. पहिली करून मग दुसरी केलीत, तर पुस्तक बांधणीच्या बाजूवर उभं राहील. आता उलट क्रमाने करा. पुस्तक डोक्यावर उभं! वळणांच्या जगात क्रमाला किंमत असते, आणि हॅमिल्टनच्या संख्यांनी ते मान्य केलं. आज तुमच्या फोनची दिशा, मुलं खेळतात त्या गेममधलं फिरणारं पात्र आणि आकाशातल्या उपग्रहाचा रोख, हे सगळं या चार आकड्यांत साठवलं जातं.

हॅमिल्टनने कोरलेली अक्षरं केव्हाच पुसली गेली. आज तिथे दगडी पाटी आहे, जिचं अनावरण १९५८ मध्ये पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांनी केलं. ते स्वतः गणिताचे शिक्षक होते. दर वर्षी १६ ऑक्टोबरला डन्सिंकपासून या पुलापर्यंत गणितप्रेमी चालत येतात. आपल्याला पायी वारीचं अप्रूप सांगायला नको. ही एका सूत्राची वारी आहे, आणि तिला पासपोर्ट लागत नाही.

शेवटचं ठिकाण मेरियन स्क्वेअर. इथे सगळे ऑस्कर वाइल्डच्या रंगीत पुतळ्यासोबत फोटो काढतात. याच चौकात ६४-६५ क्रमांकाच्या घरांत डी व्हॅलेरांनी १९४० मध्ये स्थापन केलेली प्रगत अभ्याससंस्था होती, आणि तिथे आयर्लंडमध्ये सतरा वर्षं राहिलेले एर्विन श्रोडिंगर काम करत. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी ट्रिनिटीत ‘जीवन म्हणजे काय’ या विषयावर व्याख्यानं दिली. त्यांचं पुस्तक वाचून वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांच्यासारखे लोक जीवशास्त्राकडे ओढले गेले. पण त्याच श्रोडिंगरच्या चरित्रातून आणि डायऱ्यांतून अल्पवयीन मुलींच्या शोषणाबद्दल जे पुढे आलं, त्यामुळे २०२२ मध्ये ट्रिनिटीच्या भौतिकशास्त्र विभागाने एका व्याख्यानगृहाला दिलेलं त्यांचं नाव काढलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. समीकरण जगाचं आहे, ते पुसलं जात नाही. दारावरचं नाव हा मात्र सन्मान असतो, आणि सन्मान परत घेता येतो. ज्या खोलीत अठरा वर्षांच्या मुली शिकायला बसतात, तिथे तो परत घ्यायलाच हवा होता. मेरियन स्क्वेअरला मुलांना नेलंत तर त्यांच्या वयाला झेपेल तेवढं हेही सांगा. थोर बुद्धी आणि चांगला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला याहून चांगला चौक नाही.

जाता जाता ट्रिनिटीच्या लाँग रूमबद्दलही सांगा. तिथल्या अर्धपुतळ्यांच्या रांगेत चाळीसच्या चाळीस पुरुष होते. २०२३ मध्ये पहिल्यांदा चार स्त्रिया आल्या, त्यांत रोझलिंड फ्रँकलिन आणि एडा लव्हलेस. पुतळे बदलता येतात, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

मला ठाऊक आहे, यावर आक्षेप येतील. पहिला, की आई-बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना कालव्याच्या काठी कशाला न्यायचं? तर ब्रूमब्रिजला ट्राम थेट पुलाशी थांबते, टेंपल बारच्या गोट्यांच्या रस्त्यापेक्षा हे सोपं आहे. दुसरा, की तिथे पाहण्यासारखं काही नाही. खरं आहे, फोटो फारसा बरा येत नाही. पण पंढरीच्या वाटेवरच्या एखाद्या साध्या पाराला जाणणारे आपण लोक. जागा मोठी होते ती तिची गोष्ट सांगणाऱ्यामुळे. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की शास्त्रज्ञांना स्मारकं कशाला, त्यांचं काम हेच स्मारक. मोठ्यांसाठी हे ठीक आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला काम दिसत नाही, जागा दिसते. शहरात ज्यांना जागा मिळते तीच माणसं मोठी, असा हिशेब ते मूल आपोआप करतं. इथल्या चौकांत त्याला आपला चेहरा दिसत नाही, आणि आपण त्याला सांगत राहतो की तू इथलाही आहेस आणि तिथलाही. कुलाबा, अलिबाग, बीदर आणि डब्लिन यांना जोडणारा धागा त्याच्या हातात दिला, तर हे वाक्य नुसता उपदेश राहत नाही.

म्हणून तुम्हाला तीन विनंत्या. या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या यादीतून एक दुकान कमी करा आणि एक पूल वाढवा. १६ ऑक्टोबर हा दिवस मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत गणपती आणि दिवाळीच्या मधे लिहून ठेवा. आणि फिनिक्स पार्कात वेलिंग्टनच्या स्तंभाखाली डबा उघडलात, तर जेवण झाल्यावर मुलांना माउंटजॉय हाउसपर्यंत चालवत न्या आणि वाटेत लोखंड-पितळेची गोष्ट सांगा. पुढच्या वेळी भारतात गेलात की गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडून अलिबागलाही जा. किनाऱ्यावर घोडागाडी पुष्कळ आहे, ती नंतर. आधी वेधशाळेच्या कुंपणापाशी थांबा आणि मुलांना विचारा, की ही इथे का आली? ‘मुंबईत ट्राम आली म्हणून’ हे उत्तर त्यांनी दिलं, की समजा डब्लिन दर्शन पूर्ण झालं.